शिवऱ्याची मावशी

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हेल्पलाइनवर बसणारी बाई कशी शांत, मऊ बोलणारी असेल असं वाटलं होतं म्हणून पुढे कुणी गळा काढायला नको. मी या कामाला जाणार म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. नवरा म्हणाला, तू गप्प बसून दुसऱ्याचं ऐकणार? मग आधी घरी सराव कर. सून ओट्याकडे तोंड करून हसली. मी दोघांशी अबोला धरला, तर नवरा म्हणतो, वा, सराव चांगला चाललाय.

नोकरी माझी टेलिफोन खात्यातली. भोरच्या एक्स्चेंजमध्ये उमेदीची सगळी वर्षं लोकांचे फोन जोडून दिले आणि जोडून झालं की कान काढून घेतला, कारण दुसऱ्याचं ऐकणं हा गुन्हा होता. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पुण्याच्या एका संस्थेने भोरमध्ये केंद्र काढलं. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांनी फोन करायचा, आणि पलीकडे कुणीतरी ऐकायला असायचं. एसटी स्टँडच्या मागे एका बंद पडलेल्या शिकवणीची खोली मिळाली होती. दोन टेबलं, दोन फोन, एक माठ, आणि भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलेले पाढे. माझ्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवारच्या दुपारी आल्या. बरोबर एक निवृत्त मास्तर असायचे. माणूस गरीब गाईसारखा, आणि आशावादी इतका की मला त्याचाच राग यायचा.

पुण्याला प्रशिक्षण झालं. आपलं नाव सांगायचं नाही, समोरच्याचं विचारायचं नाही. गाव विचारायचं नाही. भेटायला जायचं नाही. उपदेश तर अजिबात नाही. फोन करणाऱ्याचा नंबर आम्हाला दिसतच नसे, तशी सोयच करून ठेवली होती. आणि शंका आली तर सरळ विचारायचं की जीव द्यावा असं मनात येतं का. हे विचारणं मला सगळ्यात जड गेलं. दिवेलागणीला कुणी वाईट शब्द काढला तर आमची आई तोंडावर हात ठेवायची. मी हे वाक्य स्वयंपाकघरात नळ सोडून मोठ्याने म्हणायची सवय केली, तर सुनेला वाटलं सासूबाईंचंच काहीतरी बिनसलंय.

दुसरी अडचण गावाची. आमच्या भागात दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की पहिला प्रश्न, गाव कुठलं. दुसरा, कुणापैकी. हायवेवरचं कापूरहोळ येईपर्यंत कुणाची तरी चुलतसासू कुणाची तरी आत्या निघतेच. ते विचारायचं नाही म्हणजे जीभ बांधून बसल्यासारखंच होतं. पण नियम बरोबर होता, हे मला पटलं. इथे ओळख निघाली की तोंड बंद होतं. आपल्या मनातलं नको ते, नणंदेच्या जावेच्या बहिणीला कोण सांगेल?

ती पहिल्यांदा बोलली तेव्हा भाताच्या काढण्या होऊन गेल्या होत्या. फोनमध्ये वारा घोंघावत होता. आवाज बाईचा, वयाने लहान. हितं बोलल्यालं कुनाला कळतं का, एवढंच तिने विचारलं. नाही, म्हटलं. मग ऱ्हाऊ द्या म्हणाली आणि ठेवला. शुक्रवारी परत तोच वारा. तिसऱ्या वेळेला ती बोलायला लागली.

गाव वेल्ह्याच्या बाजूचं, डोंगराच्या पोटातलं, एवढंच मला कळलं. घरात रेंज नाही. वर खिंडीत एक सपाट दगड होता, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज यायची, म्हणून गाव त्याला रेंजचा दगडच म्हणायचं. ज्याला फोन करायचा त्याने चढून यायचं. हिने घरी सांगितलेलं की माहेरच्या मावशीला फोन करते. कुणी अडवलं नाही. सासरी सासू आणि नवरा. नवरा पुण्यात टेम्पोवर, पंधरवड्याने यायचा. मारझोड नाही, दारू नाही, टोमणे नाहीत. आई लहानपणीच गेली, भावजयीच्या हाताखाली वाढली, तेही तिने सहज सांगितलं, रडली नाही.

दगड सगळ्या गावाचा, त्यामुळे मधेच कुणीतरी यायचंच. मग ती बोलता बोलता एकदम वेगळ्याच आवाजात म्हणायची, व्हय मावशी, म्हस व्याली, रेडकू चांगलं हाय. पहिल्या वेळेला मी गडबडले. मग माझ्या लक्षात आलं. मी म्हणायची, कुणी आलंय का? ती व्हय म्हणायची. मी थांबायची. त्या माणसाचं पुण्याच्या पोराशी मोठमोठ्याने बोलणं मला इकडे ऐकू यायचं, खत आलं का, गॅस आला का. तो गेला की ती हळूच म्हणायची, गेला. अशी मी मावशी झाले.

मी विचारलं तिला. जीव द्यावा असं मनात येतं का. जेवलीस का विचारल्यावर सांगावं तसं ती म्हणाली, "व्हय. रोज येतं."

आणि मग म्हणाली, हे इचारनाऱ्या तुमीच पयल्या.

नळ सोडून घोकलेलं सगळं विसरले. तरी विचारायचं ते विचारत गेले, आज काही करायचं मनात आहे का, जवळ काही आहे का, घरी कोण आहे. त्या दिवशी तिने सांगितलं की शुक्रवारपर्यंत काही करणार नाही. शुक्रवारी म्हणाली, मंगळवारपर्यंत. आमचं तेवढंच ठरायचं. पुढचं ती बोलायचीच नाही, आणि मी ओढायला गेले की गप्प व्हायची.

कारण शोधून शोधून मी थकले. खरं सांगायचं तर मला कारण हवं होतं. कारण असतं तर मला कुणावर तरी चिडता आलं असतं. ती म्हणायची, मावशी, मला काय बी वाटतच न्हाई. मी म्हटलं, कंटाळा येतो का? तर म्हणाली, कंटाळा येनाऱ्याला दुसरं काय तरी पायजे आसतं. मला काय बी नको. हे मला आजही सहन होत नाही.

डॉक्टरचं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. ऐकायचं काम आपलं, पण डॉक्टरपर्यंत पोचवायचं कामही आपलंच, असं आम्हाला शिकवलेलं. एकदा बाजाराच्या दिवशी ती कुठल्याशा दवाखान्यात गेली. सासू सोबत होती, बाहेर बाकड्यावर बसली. आत गेल्यावर हिच्या तोंडून शब्द फुटेना. अंगात त्राण नाही, एवढंच सांगता आलं. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्या ती नेमाने घ्यायची, आणि मला सांगायची की मावशी, रक्त वाढतंय. पुण्याचा रस्ता मी सांगितला, मनाचे डॉक्टर कुठे असतात ते सांगितलं. पण पुण्याला जायचं तर नवऱ्याला सांगायला हवं, आणि नवऱ्याला काय सांगायचं हेच तिला कळत नव्हतं. आम्ही तुझ्या घरी फोन करू का, कुणाला पाठवू का, असं मी किती वेळा विचारलं. नाव सांग, गाव सांग. ती नाहीच म्हणाली. पुण्याच्या आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ती सांगत नाही तोवर आपले हात बांधलेले आहेत, ती फोन करतेय हेच धरून ठेवा. मी धरून ठेवलं.

एकदा तिने सांगितलं, दोन दिवस जेवले न्हाई. माझं डोकं फिरलं. सगळं प्रशिक्षण गेलं खड्ड्यात आणि मी बोलले, अगं ए शहाणे, घरात भात शिजतो ना, मग गिळायला काय होतं तुला? मास्तर शेजारच्या टेबलावरून घाबरून बघायला लागले. पलीकडे सगळं शांत. गेली, असं मला वाटलं. आणि मग ती हसली. मावशी चिडली, म्हणाली. तिचं हसणं मी तेवढं एकदाच ऐकलं. मास्तर म्हणाले, बघा, वळणावर येतेय पोरगी. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं, आणि मी घरी जाताना भजी घेऊन गेले.

मग टॉवर आला.

वेल्ह्याकडच्या खोऱ्यांत मोबाईलचे टॉवर व्हावेत म्हणून लोक किती वर्षं तहसीलला खेटे घालत होते. झाले तेव्हा गावोगाव नारळ फुटले, सरपंचांनी पेढे वाटले, पोरांनी फटाके लावले. आमच्या खोलीतही आनंदीआनंद. मास्तर म्हणाले, आता कुणाला डोंगर चढायला नको, घरबसल्या फोन करतील, आपले फोन वाढतील बघा. मी पेढा खाल्ला. शुक्रवारी तिचा फोन आला, तेव्हा वारा नव्हता. भांड्यांचा आवाज होता, कोंबडी ओरडत होती, आणि मागे कुणीतरी खोकत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "आता वर यायला कारन ऱ्हायलं न्हाई."

मला तळपायापासून आग लागली. ज्या घरातून उठून ती बोलायला यायची, त्याच घरात रेंज येऊन बसली होती. खिंडीत चढताना, उतरताना ती एकटी असायची, वाटेत करवंदीच्या जाळीपाशी टेकायची, कुणी काही विचारायचं नाही. आता मोबाईल फडताळावर, आणि फडताळ सासूच्या डोळ्यासमोर. फोन करायला बाहेर चाललीस कशाला, हितंच लाव की, असं कुणीही म्हणेल. त्यात वाईट काही नाही. मीसुद्धा सुनेला तेच म्हणाले असते.

तरी आम्ही रेटलं. मी असं विचारायचं की तिला व्हय किंवा न्हाई म्हणता यावं. जेवलीस? व्हय. झोप लागते? न्हाई. ते मनात येतं? व्हय. मंगळवारपर्यंत थांबशील? यावर ती आधी पटकन व्हय म्हणायची. मग वेळ लागायला लागला. मधे ती आपली म्हशीचं काहीतरी सांगायची, सासूला ऐकू जावं म्हणून. त्या म्हशीची आणि रेडकाची मला इतकी माहिती झाली होती की बस. तिच्या मनाची मात्र दिवसेंदिवस कमी होत गेली.

एका दुपारी तिचं बोलणं अर्धंच राहिलं आणि फोनवर दुसरा आवाज आला. बाईचा, वयस्कर, घोगरा.

"कोन मावशी म्हनायच्या ह्या? गाव कंचं तुमचं?"

झालं. साऱ्या आयुष्यात हजार वेळा ऐकलेला, हजार वेळा विचारलेला प्रश्न. हिचं माहेर कुठलं ते मला ठाऊक नव्हतं. नियमच तसा. चुकीचं गाव सांगितलं तर पोरगी तिथल्या तिथे उघडी पडणार. ठेवून दिला तरी पडणार. डोक्यात एकच गोष्ट आली. ती एकदा बोलून गेली होती की लहानपणी रात्रभर हायवेचे ट्रक ऐकू यायचे, त्याशिवाय झोप यायची नाही. हायवेला गावं काय थोडी आहेत? मी डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते गाव सांगितलं, शिवऱ्याची.

पलीकडे सासू थांबली. मला ते थांबणं अजून ऐकू येतं. मग म्हणाली, बरं बरं, या की एकदा, पोरीला बरं वाटंल. मी म्हटलं, येईन हं. फोन परत तिच्याकडे गेला. ठेवते मावशी, म्हणाली आणि ठेवला. मंगळवारचं काही ठरलं नाही.

मंगळवारी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. मी दुपारभर त्या फोनकडे बघत बसायची आणि दुसरं कुणी बोलायला लागलं की आधी मनातून चिडायची, ही का नाही म्हणून. मग त्या माणसाचं ऐकायची. ऐकावंच लागतं. मास्तर म्हणायचे, बरी झाली असेल हो, बरी झाली की कोण कशाला फोन करेल? मी त्यांना म्हटलं, मास्तर, तुम्ही गप्प बसा. ते बिचारे माठाकडे उठून गेले.

सासूचा मी त्या दिवसांत इतका राग राग केला की सांगता सोय नाही. मनात तिचं एक चित्रच तयार झालं होतं. मोठं कुंकू, बारीक डोळे, मोबाईल कमरेला खोचलेला. शिवरे ऐकून तिने ओळखलं, पोरीला बोल लावला, फोन काढून घेतला. रात्री नवऱ्याशेजारी पडल्या पडल्या मी त्या बाईशी भांडायची. वेल्ह्याला जाऊन गावोगाव शोधायचंही डोक्यात आलं. पण जाऊन विचारणार काय? नाव नाही, आडनाव नाही, तोंड बघितलेलं नाही. टॉवर तर आता जिकडेतिकडे झालेत.

पावसाळा गेला. काढण्या परत आल्या. मंगळवार होता. मी फोन उचलला आणि नेहमीचं, बोला, मी ऐकतेय, असं म्हटलं.

"शिवऱ्याच्या मावशी हायत का?"

घोगरा आवाज. मी हो म्हटलं. नियमाप्रमाणे म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

पोरगी गेली ओ, म्हणाली. दहावा काल झाला. पाव्हणे आपापल्या गावाला गेले, लेक आज टेम्पोवर गेला. माहेरी भावाला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, मावशीलाच कुणी कळवलं नाही हे आत्ता ध्यानात आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी बोलायची ती, म्हणून आज लावला. कशी गेली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मला रडू फुटलं. असं करायचं नसतं. समोरचं माणूस रडत असताना आपण रडायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण ती रडत नव्हती. ती थांबली होती, मी रडून होईस्तोवर.

मग तिने सांगितलं की हिला मावशी नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. लग्न तिनेच जमवलेलं. पोरगी हायवेवरच्याच कामथडीची, शिवऱ्यात तिचं कुणी नव्हतं. "पर खिंडीतनं बोलून आली की दोन घास खायाची," ती म्हणाली. "म्हनून म्या इचारलंच न्हाई, कुनाशी बोलती त्ये. बोलू दे म्हनलं."

मी विचारलं, मग फोन बंद का झाला? तर म्हणाली, म्या न्हाई बंद केला. मोबाईल हितंच हुता फडताळावर. लाव की मावशीला, म्हनायची मी. तर ती म्हनायची, घरात बसून काय बोलायचं. मग म्या मुद्दाम गोठ्यात जाऊन बसायची, हिला मोकळं बोलता यावं म्हनून. भाईरनं कान देऊन आसायची, आवाज येतो का. येत नव्हता.

एका घरात दोघी. एकीला मरायचं होतं ते मला माहीत होतं, दुसरीला तिला जगवायचं होतं ते मला माहीत नव्हतं. दवाखान्यात जी बाई बाहेर बाकड्यावर बसली होती, तिला आत बोलाव, असं मी एकदाही सुचवलं नाही, कारण सासू म्हटल्यावर मी तो रस्ताच सोडून दिला होता. आमच्या त्या खोलीत बसून मी कित्येक महिने एकटीने झुंजले, आणि तीही तिकडे एकटीच झुंजत होती.

मी तिला विचारलं, आत्ता घरी तुमच्याजवळ कुणी आहे का. न्हाई, म्हणाली, म्हस हाय. आणि मग तिने विचारलं, अगदी हळू, "काय म्हनायची ओ ती माज्याबद्दल?"

आम्ही कुणाचं बोललेलं कुणालाही सांगत नाही. माणूस गेल्यावरसुद्धा नाही. आणि सांगायचं म्हटलं तरी होतं काय? इतक्या महिन्यांत तिने सासूबद्दल एक शब्द काढला नव्हता, ना बरा ना वाईट. तिला काही वाटतच नव्हतं. हे कसं सांगायचं?

मी म्हटलं, सासू आईसारखी आहे म्हणायची. माझ्या ताटात दुधाची साय तीच वाढते म्हणायची. आजारी पडले की डोक्याशी बसते म्हणायची. सुचेल ते मी बोलत सुटले. मास्तर लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघत होते.

पलीकडे तिने नाक ओढलं.

"खोटं हाय ह्ये," ती म्हणाली. "पर बोला आजून."